ऑस्लर यांची गुप्त बखर आणि हॉल्स्टेड यांचे दुखणे

सर विल्यम ऑस्लर यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या आरंभकाळाची एक अंतर्गत हकीकत लिहून ठेवली होती. ती अनेक दशके कुलूपबंद राहिली आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी वाचकास तिला 'बखर' म्हणावेसे वाटेल. पण बखर ही सामान्यतः धन्याच्या आज्ञेने आणि पुढील पिढ्यांच्या माहितीकरिता लिहिली जाते, तर ही बखर ज्यांच्याविषयी होती त्यांच्यापासून आणि त्यांच्या चाहत्यांपासूनही दडवून ठेवण्यात आली होती. तिच्यातील ज्या मजकुराने सर्वाधिक खळबळ उडविली तो मजकूर अगदी थोडा आहे. जॉन्स हॉपकिन्सचे पहिले शस्त्रवैद्यक-प्रमुख विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड हे तरुणपणी कोकेनच्या आहारी गेले होते आणि मोठ्या निग्रहाने त्यातून सुटले, अशी आख्यायिका तोवर रूढ होती. ऑस्लर सांगतात ते निराळे आहे. कोकेन सुटले, परंतु त्याच्या जागी मॉर्फीन आले. आणि हा थोर शस्त्रवैद्य वर्षानुवर्षे रोज मॉर्फीन घेऊन शस्त्रक्रिया करीत होता, शिकवीत होता, शिष्य घडवीत होता.

या मजकुराची चर्चा आजवर दोन अंगांनी झाली आहे. काहींनी तो नैतिक गौप्यस्फोट म्हणून वाचला, काहींनी प्रतिभा आणि व्यसन यांच्या नात्याचा पुरावा म्हणून. तिसरे एक अंग मात्र फारसे कोणी विचारात घेतलेले दिसत नाही. हॉल्स्टेड हे केवळ शस्त्रवैद्य नव्हते. आयुष्याच्या अखेरीस ते स्वतः शस्त्रक्रियेचे रोगी झाले. १९१९ मध्ये पित्तखड्यांकरिता त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, पुढे तोच विकार उलटल्यावर १९२२ मध्ये त्यांच्या शिष्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली, आणि तिच्यानंतरच्या गुंतागुंतीत ७ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. दीर्घकाळ मॉर्फीन घेतलेल्या मनुष्याला भूल द्यावयाची असेल आणि जखमेची वेदना शमवावयाची असेल, तर त्याच्याविषयी काय ठाऊक असावे लागते? हॉल्स्टेड यांच्यावरील चरित्रपर लेखनातून ते कळते काय? या प्रश्नाच्या उजेडात हे लेखन वाचले असता त्याच्या गुणदोषांचा क्रम बराच बदलतो.

प्रथम पूर्ववृत्त. सप्टेंबर १८८४ मध्ये हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत कार्ल कोलर यांचा शोध जाहीर झाला, की कोकेनचे थेंब घातले असता डोळा बधिर होतो. ही वार्ता न्यूयॉर्कला पोहोचताच हॉल्स्टेड, रिचर्ड हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोगांस आरंभ केला. त्यांची सूझ अशी, की औषध त्वचेत न घालता ज्या मज्जातंतूच्या वाटेने वेदना जाते त्या तंतूच्या मुळाशीच घालावे. म्हणजे थोड्या औषधात तंतूच्या खालचा सर्व प्रदेश बधिर होईल. जबड्याच्या खालच्या दातांच्या तंतूवर हा प्रयोग यशस्वी झाला आणि आज ज्यास मज्जातंतुरोध म्हणतात त्या पद्धतीचा पाया पडला. प्रयोग त्यांनी स्वतःच्या आणि एकमेकांच्या अंगावर केले. त्याची किंमत काही महिन्यांतच दिसू लागली.

ही किंमत वाचकास प्रत्यक्ष पाहावयाची असेल तर त्याने कोणतेही चरित्र उघडण्यापूर्वी हॉल्स्टेड यांचा 'न्यूयॉर्क मेडिकल जर्नल'मध्ये सप्टेंबर १८८५ मध्ये आलेला लेख उघडावा. हजारांहून अधिक लहान शस्त्रक्रियांत कोकेन हमखास यशस्वी झाल्याचा दावा त्याच्या शीर्षकात आहे. शीर्षक स्पष्ट आहे. पण पहिले वाक्य सुरू होते आणि वाट हरवते. नकारावर नकार येतात, पोटवाक्यात पोटवाक्य अडकते, कर्ता कुठे आहे हे कळावयास कित्येक ओळी जातात, आणि कर्ता सापडतो तेव्हा तो काय सांगावयास निघाला होता हे वाचक विसरलेला असतो. शैलीवरून लेखकाच्या शरीरस्थितीचे निदान करणे हा टीकाकारांचा एक घातक छंद आहे आणि एरवी त्यास उत्तेजन देऊ नये. तथापि येथे तो मोह आवरणे कठीण आहे. ज्या लेखकाचे पुढील सर्व लेखन काटेकोर, किंबहुना रुक्ष म्हणावे इतके नेमके आहे, त्याच्याच हातून हे वाक्य उतरले आहे. हॉल्स्टेड यांच्या कोकेन-काळाचा याहून प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नाही, आणि तो त्यांनी न कळत लिहिला आहे.

१८८६ मध्ये प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. कोकेनची ओढ शमविण्याकरिता त्या काळी मॉर्फीन देत असत. मित्र विल्यम वेल्श यांनी त्यांना बाल्टिमोरला आणले, आणि १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडल्यावर त्यांचा दुसरा जन्म सुरू झाला. न्यूयॉर्कमधील धडाडीचा, झपाट्याने हात चालविणारा तरुण मागे पडला, आणि त्याच्या जागी मंद, अबोल, ऊतकाला इजा होऊ नये म्हणून तासन्तास खपणारा शस्त्रवैद्य आला. रबरी हातमोज्यांचा वापर, स्तनाच्या कर्करोगावरील विस्तृत शस्त्रक्रिया, अंतर्गळावरील शस्त्रक्रिया, शस्त्रवैद्यांच्या शिक्षणाची क्रमबद्ध पद्धती हे सर्व या दुसऱ्या जन्मातील आहे.

ऑस्लर यांची टीप येथे येते. नेमणूक कायम झाल्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी त्यांनी हॉल्स्टेड यांना एकदा जबर हुडहुडी भरलेली पाहिली, आणि मॉर्फीन अजून चालू असल्याची पहिली शंका त्यांना तेव्हा आली. पुढे हॉल्स्टेड यांनी त्यांना विश्वासात घेतले. ऑस्लर यांच्या नोंदीप्रमाणे रोजचे प्रमाण तीन ग्रेनांच्या खाली आणणे त्यांना जमले नव्हते. या प्रमाणावर ते उत्तम काम करीत. नंतर ते दीड ग्रेनपर्यंत आले, आणि १९१२ च्या सुमारास बहुधा औषधावाचून चालवू लागले असावेत, असे ऑस्लर सुचवितात.

वाङ्मय म्हणून पाहिले तर हा मजकूर लेखच नव्हे. त्यात प्रसंगवर्णन नाही, मनोविश्लेषण नाही, सहानुभूतीचे एकही विशेषण नाही. तरीही या विषयावरील सर्व लेखनात तो श्रेष्ठ ठरतो, आणि त्याची श्रेष्ठता दोन गोष्टींत आहे. एक हुडहुडी आणि एक आकडा. मॉर्फीनला सरावलेल्या शरीराला औषध वेळेवर मिळाले नाही, तर सहा ते बारा तासांत जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, थंडी वाजणे आणि पोटात कळा यांची मालिका सुरू होते, आणि दीड ते तीन दिवसांत ती शिगेस पोहोचते. ऑस्लर यांनी जे पाहिले ते या मालिकेचे एक टोक होते, आणि त्यांनी ते ओळखले. मित्राच्या लज्जास्पद गुपिताचा शोध त्यांना कुजबुजीतून लागला नाही. रोग्याकडे पाहण्याच्या रोजच्या सवयीतून लागला. आणि लिहिताना त्यांनी 'फार', 'भयंकर', 'आहारी' असे शब्द न वापरता ग्रेनांत माप दिले.

या मापाचे महत्त्व चरित्रकारांस कळले नाही. ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. तीन ग्रेन म्हणजे १९५ मिलिग्रॅमच्या आसपास. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेकरिता सामान्य रोग्याला मॉर्फीनचे इंजेक्शन साधारणतः १० ते १५ मिलिग्रॅमचे देत. ते दर चार तासांनी, न चुकता, १५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने दिले तरी दिवसाची बेरीज ९० होते. आता ज्याचे शरीर १९५ वर स्थिर आहे अशा मनुष्यास हे ९० दिले असता काय होईल? त्याची वेदना शमण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच्या रोजच्या गरजेचा निम्मा भागही भरत नाही. जखमेच्या कळा एकीकडे आणि औषध तुटल्याची हुडहुडी दुसरीकडे, अशा दुहेरी कात्रीत तो सापडेल, आणि परिचारिकेच्या नोंदीत मात्र त्याला भरपूर मॉर्फीन दिले असेच लिहिलेले असेल. दीड ग्रेनवर आलेला मनुष्य घेतला तर हे ९० केवळ त्याचे रोजचे देणे फेडते. वेदनेकरिता म्हणून त्याला काहीच मिळालेले नसते.

आजचे भूलशास्त्र याच हिशोबापासून आरंभ करते. भूल या एका शब्दात झोप, वेदनेचा उपशम आणि स्नायूंचे शैथिल्य अशा निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात. सरावलेल्या रोग्यात अडचण मुख्यतः दुसरीची असते: झोप लागते, पण निजलेल्या शरीराचा रक्तदाब आणि नाडी चाकूला उत्तर देत राहतात, आणि जाग आल्यावर वेदना नेहमीपेक्षा तीव्र भासते. मॉर्फीन स्वतःच वेदनेची धार वाढविते की काय, ही शंका क्लिफर्ड ऑलबट यांनी १८७० मध्येच बोलून दाखविली होती. आज ती शंका उरलेली नाही, ती एक मान्य घटना आहे. म्हणून रोग्याचे मूळ प्रमाण शस्त्रक्रियेच्या दिवशीही चालू ठेवावयाचे, वेदनेकरिताचे औषध त्याच्यावर वेगळे मोजावयाचे, आणि शक्य तेवढा भार अफूच्या कुळाबाहेरील साधनांवर टाकावयाचा, असा क्रम आता रूढ आहे. ही साधने म्हणजे पॅरासिटमॉल, दाहशामक औषधे, भुलीच्या मात्रेहून पुष्कळ कमी मात्रेत केटामीन, क्लोनिडीनसारखी द्रव्ये आणि मज्जातंतुरोध. पेंटाझोसीन, ब्युटॉर्फेनॉल यांसारखी अर्धवट विरोधी गुणांची वेदनाशामके, जी भारतातील रुग्णालयांत चांगलीच परिचित आहेत, ती अशा रोग्याला दिली असता वेदना जाण्याऐवजी तीच हुडहुडी काही मिनिटांत ओढवते. या सर्व क्रमाचा पहिला टप्पा औषधाचा नाही, प्रश्नाचा आहे: काय घेता, किती घेता, शेवटचे केव्हा घेतले?

ऑस्लर यांची बखर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देते. तिसऱ्यापाशी ती अडखळते. १९१२ च्या नोंदीतील तो शक्यतादर्शक शब्द, 'बहुधा', संपूर्ण मजकुरात सर्वांत वजनदार आहे, आणि बहुतेक वाचक त्यावरून घसरत पुढे जातात. हॉल्स्टेड यांनी मॉर्फीन खरोखरच सोडले असेल तर त्यांच्या शरीराचा सराव केव्हाच ओसरला असणार, आणि जुन्या हिशोबाने त्यांना मोठे प्रमाण देणे म्हणजे श्वास थांबविणे. सोडले नसेल तर सामान्य प्रमाण देणे म्हणजे यातना. 'बहुधा' या शब्दाच्या एका बाजूस एक अपघात उभा आहे, दुसऱ्या बाजूस दुसरा. इतिहासकाराला असा शब्द शोभतो, किंबहुना त्याच्या सचोटीची ती खूण आहे. भूलतज्ज्ञाला त्यावर रात्र काढता येत नाही.

ऑस्लर १९०५ मध्ये ऑक्सफर्डला गेले आणि डिसेंबर १९१९ मध्ये वारले. त्यांची टीप कुलुपात होती. बाल्टिमोरमध्ये वेल्श होते आणि न्यूयॉर्कचे दिवस त्यांना ठाऊक होते. पण जाणणे निराळे आणि रुग्णपत्रिकेवर लिहिणे निराळे. त्यातही काळ कसा होता ते ध्यानात घेतले पाहिजे. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अमेरिकेत अफू आणि कोकेन यांच्या व्यवहारावर नोंदणी व कर लादला. मार्च १९१९ मध्ये वेब खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की सवय झालेल्या मनुष्याला त्याची सवय चालू ठेवण्यापुरते मॉर्फीन लिहून देणे हे वैद्यकीय औषधपत्र या संज्ञेस पात्रच नाही. हॉल्स्टेड यांची पहिली शस्त्रक्रिया त्याच वर्षातली. ज्या गोष्टीस आज शस्त्रक्रियेच्या दिवशीचे पहिले कर्तव्य मानतात, रोग्याचे मूळ प्रमाण चालू ठेवणे, ती गोष्ट ज्या वर्षी कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद ठरली त्याच वर्षी अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध शस्त्रवैद्य रुग्णशय्येवर होता.

आणखी एक गुंता त्यांच्या विकारातच होता. पित्तनलिकेत खडा अडकून जंतुदोष झाला असता थंडी वाजून ताप भरतो. कावीळ आणि पोटातील कळ यांच्याबरोबर ही हुडहुडी त्या विकाराचे ठसठशीत लक्षण मानली जाते. औषध तुटल्यानेही हुडहुडी भरते आणि पोटात कळा येतात. शिवाय मॉर्फीनने पित्तनलिकेच्या मुखाशी असलेला स्नायू आवळला जातो, त्यामुळे ज्या औषधाने कळ शमावी त्यानेच ती उठण्याचा संभव असतो. १८९० च्या सुमारास ऑस्लर यांनी जी हुडहुडी पाहून मॉर्फीन ओळखले, तीच हुडहुडी १९२२ मध्ये त्याच मनुष्याला भरली असती तर शय्येजवळच्या वैद्याने ती कोणत्या खात्यावर लिहावी? पूर्ववृत्त ठाऊक असणारा दोन्ही शक्यता तोलील. पूर्ववृत्त ठाऊक नसणाऱ्याला एकच दिसेल. ज्या मनुष्याने १८८२ मध्ये स्वतःच्या आईचे पित्ताशय उघडून खडे काढले होते, त्याला आपल्या दुखण्याचे हे सर्व पेच कोणाहूनही अधिक कळत असणार.

आता चरित्रांकडे वळावे. हार्वे कुशिंग हे हॉल्स्टेड यांचे शिष्य. त्यांचे ऑस्लर-चरित्र १९२५ मध्ये निघाले आणि दुसऱ्या वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. दोन खंडांच्या या अवाढव्य ग्रंथात जॉन्स हॉपकिन्सचे आरंभपर्व तपशिलाने आले आहे. मॉर्फीन आलेले नाही. मॅकॅलम यांचे हॉल्स्टेड-चरित्र १९३० चे. त्यात कोकेनचा प्रसंग येतो, पण विजयकथा म्हणून. नायक संकटात सापडतो, झुंजतो, मुक्त होतो. मॅकॅलम यांची भाषा संयत आहे, शिष्याची भक्ती तिच्यात आहे, आणि हॉल्स्टेड यांच्या शास्त्रीय कार्याचे विवेचन आजही वाचनीय वाटते. परंतु रचनेत एक भोक आहे. कोकेननंतरचा मनुष्य इतका का बदलला, त्याची दीर्घ अनुपस्थिती, त्याचा एकांत, शस्त्रक्रिया अर्धवट असता दुसऱ्याच्या हाती सोपवून निघून जाण्याची त्याची रीत, यांना कारण पुरविता न आल्याने ते सर्व 'विक्षिप्तपणा'च्या खात्यावर टाकावे लागते. पॅरिसला धुण्यासाठी पाठविले जाणारे सदरे मग फार मोठी जागा व्यापून बसतात.

या मौनास दोष देताना जपून बोलले पाहिजे. शिष्यांनी गुरूची लाज राखली, यात असभ्य असे काही नाही. मराठी चरित्रवाङ्मयातही थोरांच्या दुखण्यांवर असेच पांघरूण घातलेले आढळते. शिवाय १९३० मध्ये हे छापले असते तर त्याचा उपयोग गुरूची कीर्ती मोडण्याकडेच झाला असता. परंतु असे मौन केवळ ग्रंथात राहत नाही, हे चरित्रकारांनी पाहिले नाही. जो समाज आपल्या सर्वांत कर्तृत्ववान मनुष्याविषयी हे शब्द उच्चारू शकत नाही, त्या समाजातील सामान्य रोगी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देईल ही अपेक्षा फोल आहे. तो 'काही घेत नाही' असे म्हणतो, त्याच्या उत्तराच्या आधारे भूल दिली जाते, आणि मग रात्री तो अधिक औषध मागू लागला की मागणे हाच त्याच्या लबाडीचा पुरावा ठरतो.

येथे भाषेचाही हात आहे, आणि तो मराठीत विशेष जाणवतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आठवे अधिकरण 'व्यसनांचे' आहे. तेथे राजावर, अमात्यावर, दुर्गावर, कोशावर येणाऱ्या आपत्तींनाही व्यसन म्हटले आहे आणि द्यूत-मद्यादी दोषांनाही. संस्कृतात एकाच शब्दात संकट आणि दुर्गुण असे दोन्ही अर्थ नांदत होते. मराठीने शब्द घेतला, दुर्गुण ठेवला, संकट टाकून दिले. 'व्यसनी' म्हटल्याबरोबर मनुष्याच्या चारित्र्याचा निकाल लागतो, आणि शरीराचा सराव ही जी निव्वळ शारीर घटना, वेदनेकरिता वैद्यानेच महिनोन्महिने मॉर्फीन दिलेल्या कर्करोगाच्या रोग्यातही घडणारी, तिच्याकरिता सुटसुटीत शब्दच उरत नाही. अमेरिकन मनोवैद्यक संघाने २०१३ च्या आपल्या वर्गीकरणात, वैद्याच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याच्या बाबतीत सराव आणि औषध तुटल्याची लक्षणे ही विकाराच्या निदानात धरू नयेत, असे स्पष्ट केले. मराठीतील रुग्णपत्रिकेवर हा भेद कोणत्या शब्दांनी लिहावा? 'सवय' हलका पडतो, 'अवलंबन' पुस्तकी आहे, 'तलफ' चहा-तंबाखूलाही चालतो. भुलीची गंमत अशी, की त्या शब्दात चूक आणि फसवणूक हे दोन्ही अर्थ आधीपासूनच आहेत.

१९६९ नंतरच्या लेखनाची चूक उलट दिशेची आहे. त्याच वर्षी वायल्डर पेनफील्ड यांनी अमेरिकन वैद्यक संघाच्या मुखपत्रात बखरीतील मजकुराच्या आधारे हॉल्स्टेड आणि त्यांचा 'प्रश्न' यांविषयी लिहिले. त्यात आदर कायम आहे आणि विवेचन समतोल आहे. पुढे मात्र किल्ली सापडलेल्या मनुष्याला प्रत्येक दार तीच लावून पाहण्याची हौस येते तसे झाले. मंदगती शस्त्रक्रिया मॉर्फीनमुळे, अबोलपणा मॉर्फीनमुळे, शिष्यांना स्वातंत्र्य देण्याची पद्धतीही मॉर्फीनमुळे, असे वाचन रूढ झाले. जेराल्ड इम्बर यांचे २०१० चे चरित्र रंजक आहे, त्यातील न्यूयॉर्क-बाल्टिमोरचे वातावरण जिवंत आहे. पण त्याच्या नावातच प्रतिभेला कड्याच्या टोकावर उभे केले आहे, आणि मग नायकाला सदैव त्या टोकावरच चालावे लागते. तीन ग्रेनांचा आकडा सांगतो ते याहून बरेच सपक आहे, आणि म्हणूनच बहुधा कथनकारास रुचत नाही: स्थिर प्रमाणावर स्थिर मनुष्य. १९६५ मध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी मेथॅडोनच्या रोजच्या ठराविक मात्रेवर हेरॉइनच्या रोग्यांचे जीवन सावरता येते असे दाखविले. ऑस्लर यांच्या टिपेतील मनुष्य हे त्याचे अनवधानाने घडलेले पूर्वरूप होय. अर्थात हॉल्स्टेड यांच्या उदाहरणावरून 'मॉर्फीन घेऊनही सर्व काही साधते' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की त्यांच्यापाशी शुद्ध औषध होते, पैसा होता, उन्हाळ्याचे लांबलचक महिने एकांतात घालविण्याची मुभा होती, आणि गुपित राखणारा मित्र होता. यांतील एकही गोष्ट बाजारातील पूड घेणाऱ्यापाशी नसते.

सराव झालेल्या रोग्याविषयी वैद्यकाने स्वतःच्या चुका किती उशिरा दुरुस्त केल्या याचे एक अलीकडील उदाहरण या संदर्भात नोंदविण्याजोगे आहे. ब्युप्रेनॉर्फीन हे औषध अफूच्या ग्राही-स्थानांना अत्यंत घट्ट धरून बसते आणि अंशतःच उत्तेजित करते. त्यामुळे ते अंगात असता इतर वेदनाशामके चालणार नाहीत, या तर्काने शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस ते बंद करण्याचा सल्ला बराच काळ दिला जात असे. तर्क बिनचूक दिसत होता. प्रत्यक्षात बंद केलेल्या रोग्यांची आधीची घडी विस्कटे, तर चालू ठेवलेल्यांची वेदना इतर उपायांच्या जोडीने आवरता येई. गेल्या दशकात सल्ला बदलला आणि आता सामान्यतः ते चालूच ठेवतात. नाल्ट्रेक्सोनची गोष्ट निराळी, कारण ते पूर्णतः विरोधी आहे. त्याच्या गोळ्या दोन-तीन दिवस आणि दीर्घकालीन इंजेक्शन सुमारे महिनाभर आधी थांबवावे लागते. हे सारे नियम एकाच गृहीतावर उभे आहेत, की रोगी सांगेल आणि वैद्य विश्वास ठेवील.

ऑस्लर आणि हॉल्स्टेड यांच्यात ते घडले होते. हुडहुडीनंतर अनेक संभाषणे झाली आणि पूर्ण विश्वास मिळाला, एवढेच बखर सांगते; संभाषणांत काय झाले ते सांगत नाही, आणि टीकाकाराने कल्पनेने ते भरू नये. पण त्या विश्वासाचे फळ म्हणजे ते तीन आणि दीड हे आकडे. लपविणाऱ्या मनुष्याकडून ते मिळत नाहीत. बखर कुलूपबंद झाल्यामुळे ज्या दोन दिवशी त्यांचा उपयोग झाला असता, १९१९ चा आणि १९२२ चा, त्या दिवशी ते पुस्तकातच राहिले.

मज्जातंतुरोधाचा आद्य प्रवर्तक म्हणून अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघाने १९२२ च्या वसंतात हॉल्स्टेड यांना सुवर्णपदक दिले. तोवर कोकेनच्या जागी १९०५ पासून प्रोकेन आले होते, ज्याची चटक लागत नाही. पुढे १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार झाले. अफूच्या ग्राही-स्थानांशी या द्रव्यांचा काही संबंध नाही, तंतूतून जाणारा संदेशच ती अडवितात, म्हणून तीन ग्रेन घेणाऱ्या मनुष्यावर आणि कधीच काही न घेतलेल्या मनुष्यावर त्यांचा परिणाम सारखाच होतो. मॉर्फीनला सरावलेल्या रोग्याकरिता आजचा भूलतज्ज्ञ जे साधन प्रथम हाती घेतो, ते १८८४ च्या त्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या अंगावर सुया टोचून घेणाऱ्या मंडळींचे आहे. पदक मिळाल्यानंतर काही महिन्यांतच हॉल्स्टेड दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या मेजावर गेले.